मोठ्या डोंग्यातलं पाणी

पृथ्वीवरचं एकूण एक गोडं पाणी आपल्याला विचारल्याशिवाय जागचं हलता कामा नये, अशी आमच्या साडभाऊंची प्रामाणिक समजूत आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याकडचे लोक नुसतं साडू म्हणतात आणि विषय संपवतात. आमच्याकडे त्याला भाऊ जोडलेला असतो, त्यामुळे त्याचं सगळं सोसावं लागतं. ते आमगावला राहतात. पाणीपुरवठ्याच्या नोकरीत तीस वर्षं पाइपांच्या मागे हिंडून निवृत्त झाले आहेत, आणि निवृत्तीनंतर करायचं काय हा प्रश्न त्यांना एक दिवसही पडला नाही, कारण जगात अजून नळ आहेत. टपकणाऱ्या नळाचा आवाज त्यांना तीन घरांपलीकडून येतो. बायकोचा आवाज मात्र स्वयंपाकघरातून अंगणापर्यंत येत नाही, असं ताईंचं, म्हणजे माझ्या त्या थोरल्या मेहुणीचं, म्हणणं आहे.

माझ्या मेहुण्याच्या लग्नात वरात दाराशी आली आणि नवरदेवाला उतरवून घ्यायला साडभाऊ कुठं सापडेनात. थोरले जावई म्हणून तो मान त्यांचा. वाजंत्रीवाले दोन गाणी जास्तीची वाजवून थकले. शेवटी मी कार्यालयाच्या मागे जाऊन पाहिलं, तर हे नव्या कोटात शिडीवर चढून पाण्याच्या टाकीत खांद्यापर्यंत हात घालून उभे. "दोन मिनिटं थांबवा जी त्याइले," ते वरून म्हणाले, "बॉल अडकून राहिला अठी." दुसऱ्या एका प्रसंगी आम्ही दोघं एका घरी सांत्वनाला गेलो होतो. घरातली माणसं रडत होती, पण सगळ्यांत पडलेला चेहरा साडभाऊंचा. मयताशी यांचा इतका जिव्हाळा होता हे कोणाला ठाऊकच नव्हतं. गेलेल्या माणसाच्या मुलानं उलट यांचीच पाठ थोपटली. बाहेर आल्यावर साडभाऊ सुस्कारा टाकून मला म्हणाले, "संडासातली टाकी सारखी वाहून राहिली गुरुजी. पन अशा वेळी बोलता बी येत नाही." तेराव्याच्या जेवणाला ते खिशात वॉशर घेऊन गेले. नागऱ्याच्या महादेवाच्या देवळातसुद्धा पिंडीवर थेंब थेंब पाणी पडत असलं की ते डोळे मिटून घेतात. लोकांना वाटतं, भक्ती.

यात त्यांचाही फारसा दोष नाही. घराणं कोहळी जातीचं. यांच्या पूर्वजांनी तलाव बांधले, आणि पावसाळ्यात तलावाची पार, म्हणजे तो मातीचा लांबलचक बांध, अनवाणी पायांनी चालून कुठं पाझर लागला ते टाचेला गार लागण्यावरून ओळखलं. साडभाऊंच्या आजोबांनी पारेतली खेकड्यांची बिळं बुजवण्यात उभा जन्म घालवला. नातवाकडे टाच आली, जीभही आली. कुठल्याही घरी ते आधी पाणी मागतात, एक घोट तोंडात घोळवतात आणि "आज बोरचं भरलं वाटते" किंवा "टँकर आला होता का जी?" असं विचारतात. गोंदियाला आमच्या घरी मी एकदा त्यांची परीक्षा घेतली. चार पेल्यांत चार ठिकाणचं पाणी ठेवलं आणि लबाडी म्हणून चौथ्यात दोन ठिकाणची मिसळली. त्यांनी तीन बरोबर ओळखली. चौथ्याचा घोट घेऊन त्यांनी पेला खाली ठेवला आणि ते म्हणाले, "गुरुजी, शाळेत पोराइच्या पेपरात बी असंच करता का?" मी इतिहास शिकवतो. त्या दिवसापासून मी त्यांना पाणी गुमान देतो.

आता त्या डोंग्याचं सांगतो, कारण साडभाऊंना खऱ्या अर्थानं मी तिथंच ओळखलं. गोंदियाच्या एका राइस मिलवाल्या शेठजींनी कोकणातून एक जुनी शिडाची नौका विकत घेतली आणि ट्रेलरवर घालून चिचगडच्या पुढच्या एका तलावात आणून सोडली. पर्यटक येतील, नौकेत मुक्काम करतील, शिडं उभारून फिरतील, असा त्यांचा बेत होता. तीस फूट लांब, आत चार बिछाने, ओटा, बेसिन, संडास, गिझर. डोलकाठी उतरवून आडवी बांधून आणली, ती ट्रेलरच्या मागे इतकी बाहेर आलेली होती की एका वळणावर एका पानठेल्याचं छप्पर सोबत घेऊन आली. तलावात मासे धरणाऱ्या ढीवरांचे स्वतःचे छोटे डोंगे असतात. त्यांनी या नौकेला बघताक्षणी मोठा डोंगा म्हटलं आणि तेच नाव राहिलं. वारा आमच्याकडे शेठजींच्या सोयीनं वाहत नाही, त्यामुळे शिडं बहुतेक दिवस गुंडाळलेली असायची. पर्यटक बिछान्यावर बसून भजी खायचे.

या डोंग्याबरोबर साडभाऊंची एकुलती एक मुलगी रोशनी घरी परत आली होती. नागपुरात डिप्लोमा करून ती कोकणात नौका दुरुस्तीच्या एका कारखान्यात लागली होती आणि पाच वर्षं तिकडेच होती. शेठजींना नौकेसोबत नौका कळणारं माणूस हवं होतं. कारखान्यानं सांगितलं, तुमच्याच जिल्ह्यातली एक मुलगी आहे. अशी हजार किलोमीटर लांब गेलेली पोर तलावावर आली, आणि दर रविवारी आमगावला जेवायला येऊ लागली. साडभाऊ बोलून काही दाखवत नसत. पण रविवारी सकाळपासून ते रस्त्याकडे तोंड करून पेपर वाचत बसायचे आणि दोन-दोन तास पान उलटायचे नाहीत. दोन वर्षं असं सुखाचं चाललं, आणि मग डोंगा गळायला लागला.

नौकेच्या तळाशी पाणी साचायचं. सगळे नळ बंद असताना नळांना पाणी चढवणारा आतला पंप आपला आपण सुरू व्हायचा, टकटक करून थांबायचा आणि दहा मिनिटांनी पुन्हा. गाद्यांना वास यायला लागला, पर्यटक कुरकुरायला लागले. शेठजींचा उत्साह तसाही ओसरला होता. कोकणातलंच एक नवं गिऱ्हाईक डोंगा न्यायला तयार होतं, पण तळ कोरडा असेल तरच. त्याचा माणूस आठ दिवसांनी बघायला येणार होता. शेठजी साडभाऊंच्या घरी येऊन म्हणाले, "देखो भाऊ, सूखी करके दो तो उधर की पार्टी ले जाएगी, बिटिया भी साथ चली जाएगी, उसकी पक्की नौकरी. नहीं तो यहीं बाँधके रखूँगा, चाय-नाश्ते की दुकान खोलेंगे उसमें. बिटिया सँभालेगी." चहा पिऊन शेठजी गेले आणि घरात हिशोब सुरू झाला. गळती सापडली तर पोर जाणार. नाही सापडली तर पोर इथंच राहणार. आणि ती शोधू शकेल असा अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस, तो समोर बसून बशीतला चहा फुंकत होता.

रोशनीला जायचं होतं, हे मी आधीच सांगून टाकतो. "तलावात काय आहे मौसाजी," ती मला म्हणाली होती, "अठी शिंकलं तर त्या काठावरचा मानूस सत्य म्हनते." तिला समुद्र हवा होता. बाकी सगळं घर मात्र गळतीच्या बाजूनं होतं. ताईंनी जेवायला वाढताना नवऱ्याला सरळ सांगितलं, "जनमभर दुनियेच्या गळत्या काढल्या तुमी. ही एक राहू द्या." साडभाऊ म्हणाले, "पाहतो." या 'पाहतो'चा कोणाला भरवसा वाटेना. दिवाळीची सुट्टी लागली होती, म्हणून माझ्या बायकोनं मला सोबत धाडलं. काम एवढंच, की भाऊंना गळती सापडू द्यायची नाही. असली कामगिरी मला झेपण्यासारखी होती. मी दोन कादंबऱ्या आणि उशी घेऊन गेलो.

पहिल्या दिवशी रोशनीनं आम्हाला समुद्रावरची रीत सांगितली. तळातल्या पाण्यात बोट बुडवायचं आणि चाटायचं. खारट लागलं तर नौकेला भोक पडलं, धावाधाव करायची. गोड लागलं तर आपलाच पाइप फुटला, सावकाश शोधायचं. "पन अठी आत बी गोडं, बाहेर बी गोडं," ती म्हणाली, "अठी ती रीत चालतच नाही." साडभाऊंनी तळात बोट बुडवून चाटलं. मग नौकेच्या कडेवरून वाकून तलावाचं ओंजळभर पाणी प्यायले. मग पुन्हा तळातलं. "तलावाच्या पान्याले कमळाच्या मुळाइची चव असते," ते म्हणाले, "हे चुन्याचं आहे. तुह्या टाकीत विहिरीचं भरते ना? मंग हे थेच होय. डोंग्याले भोक नाही." पाच वर्षं नौकांमध्ये काढलेली पोरगी तोंडाचा आ करून बापाकडे पाहत राहिली. मग साडभाऊ गुडघे टेकून आत शिरले. तासभर त्यांचे फक्त तळपाय दिसत होते. बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "सापडत नाही बा."

मी लगेच पारेवर जाऊन, तिथं नेटवर्क येतं म्हणून, आमगावला फोन केला. ताईंनी आनंदानं अनरसे तळायला घेतले. मी मात्र फोन ठेवला आणि मला कसंतरीच वाटायला लागलं. बावीस वर्षांत साडभाऊंच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलेलं नव्हतं. म्हातारे झाले, असा विचार मनात आला आणि तो काही केल्या जाईना.

पुढचे दिवस बापलेकींनी तो डोंगा आतून उसवला. बिछान्यांखालच्या फळ्या निघाल्या, पाइप उघडे पडले. साडभाऊ पाटावर बसल्यासारखे मधोमध बसायचे आणि रोशनीला कामाला लावायचे. पेपरच्या कोरड्या पट्ट्या प्रत्येक जॉइंटखाली ठेवायच्या आणि कुठली ओली होते पाहायचं. तांदळाचं पीठ पाइपावर भुरभुरायचं, पाण्याची रेघ गेली तर काळी दिसते. एक नळ चालू करून दुसरा बंद, दुसरा चालू करून तिसरा बंद, आणि प्रत्येक वेळी पंप किती वेळानं बोलतो ते मोजायचं. "पानी जिथं दिसते तिथं गळत नसते," ते तिला दिवसातून दहादा सांगत, "पानी आळशी आहे. सोपी वाट पाहून येते." एका वॉशरवर ते एक अख्खी दुपार बोलले. मी वाऱ्याच्या बाजूनं पडून कादंबरी वाचत होतो, मला ते वॉशर आजही पाठ आहे. दुपारी दोघं डोंग्याच्या कडेवर बसून पाय पाण्यात सोडून डबा खायचे. साडभाऊ तिला मधूनच प्रश्न घालत, आणि उत्तर बरोबर आलं की भाकरीचा मोठा तुकडा मोडत. मला कोणी काही विचारत नव्हतं.

चौथ्या दिवशी साडभाऊंनी एक पराक्रम केला. नौकेच्या तळाला आडव्या फळ्यांचे कप्पे असतात आणि प्रत्येक फळीच्या खालच्या अंगाला बोट जाईल एवढं भोक असतं. रोशनी बाजाराला गेली असताना साडभाऊंची नजर त्या भोकांवर पडली. कोहळ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला बांधाच्या पायथ्याशी भोक दिसलं की पुढचा विचार सुचतच नाही. ते तलावावरून चिकणमातीची पाटी भरून घेऊन आले, मातीत धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, मळलं आणि एकूण एक भोक अंगठ्यानं ठासून बुजवलं. मला म्हणाले, "बनवनाऱ्याले समजतच नाही जी. खेकड्याइले रस्ता करून ठेवला होता." दुसऱ्या सकाळी एका बिछान्याखालची गादी खालून भिजून चिंब झालेली होती.

रोशनी कमरेवर हात देऊन उभी राहिली. "बाबा, थे भोकं मुद्दाम ठेवली असतात. पानी वाहत मधल्या उपशाच्या पंपापाशी जायाले. तुमी सारा डोंगा बुजवून टाकला."

"मले का माहीत," साडभाऊ म्हणाले. एवढे ओशाळलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "भोक दिसलं, म्हून बुजवलं."

ती चिडून स्क्रू-ड्रायव्हरनं माती उकरायला बसली. दोन दिवस ती त्यांच्याशी कामापुरतं बोलली, आणि साडभाऊ गपगुमान पेपरच्या पट्ट्या कापत राहिले. इकडे ताईंचे फोन येत होते, मी खुशाली कळवत होतो: गळती ठणठणीत आहे. सातव्या दिवशी दुपारी रोशनी त्या उघड्या कप्प्यांकडे बघत बसली होती.  मग एकदम म्हणाली, "बाबा, ह्या बांध्याच होत ना?"

ज्यांनी आमच्याकडचं धानाचं शेत पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शेताचे छोटे छोटे चौकोन पाडतात, त्या बांध्या. दोन बांध्यांच्या मधला उंचवटा तो धुरा. धुऱ्याचं तोंड बुजवलं की पाणी त्या त्या बांधीतच अडकून राहतं. रोशनीनं स्वतः चिंध्यांचे बोळे करून सगळी भोकं पुन्हा बुजवली, तळ पुसून कोरडा केला, प्रत्येक कप्प्यात तांदळाचं पीठ भुरभुरलं आणि टाकी भरून पंप चालू ठेवला. आठव्या दिवशी सकाळी सहा बांध्या कोरड्या होत्या आणि एका बांधीत पिठाची पेज झाली होती. गादी भिजली तीच ही जागा. तिच्यावरून आठ फूट लांब एक पाइप गेला होता. रोशनी त्या पाइपाच्या खालच्या अंगावरून कोरडं बोट फिरवत, सरपटत पुढे गेली, पार बेसिनच्या मागच्या खणात शिरली. पाइप वळतो तिथल्या प्लास्टिकच्या कोपऱ्याला केसाएवढी चीर होती. पाणी तिथून निघून पाइपाला धरून आठ फूट चालत यायचं आणि सोयीच्या जागी पडायचं. "बाबा, सापडली," ती आतून म्हणाली. आवाज खणात घुमला.

साडभाऊ वाकून आत डोकावले. "बरोबर," ते म्हणाले, आणि पाना तिच्या हातात दिला. "तूच बदलव." तिनं तो कोपरा बदलला. पंप एकदा टकटकला आणि गप्प झाला. आम्ही तिघं तासभर तिथं बसलो, पण तो पुन्हा बोलला नाही. गिऱ्हाइकाचा माणूस दुपारी आला, त्यानं तळाला रुमाल लावून पाहिला आणि खूश झाला.

ताईंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. माझ्या बायकोनं माझ्याशी. मला एका कामाला पाठवलं होतं आणि तेही मला जमलं नाही, हे तिनं मला तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. आठवडाभरानं ट्रेलर आला. क्रेननं डोंगा पाण्यातून वर उचलला, तेव्हा ढीवरही काठावर येऊन उभे राहिले. साडभाऊ ट्रेलरभोवती फिरून प्रत्येक दोर ओढून पाहत होते. रोशनी पाया पडली. तिनं आईला मिठी मारली, दोघी खूप रडल्या. साडभाऊ तिला म्हणाले, "पोचली की टाकी पयले अर्धीच भरजो. रातभर पाहजो. मंग पुरी." ती हो म्हणाली. तेवढंच. ट्रेलर पारेखालच्या रस्त्यानं हळूहळू गेला आणि ताई तोंडाला पदर लावून ऑटोत जाऊन बसल्या.

आम्ही दोघं पारेवर राहिलो. मला खरं तर त्यांचा राग आला होता. एवढा बाप माणूस, आणि एक गळती सोडून देता येत नाही. मी म्हणालो, "भाऊ, तुमी तिले बांध्यांचं सुचू द्यायचं नव्हतं. भोकं बुजवली नसती तर ती गळती या जन्मी सापडली नसती. पोर अठीच राहिली असती."

"गळती तं पयल्याच दिवशी सापडली होती जी," साडभाऊ म्हणाले. "बेसिनच्या मांगं हात घातला अन् समजलं."

मी विचारलं, "मंग आठ दिवस काय करून राहिले होते?"

डोंगा जिथं उभा असायचा तिथलं पाणी मोकळं होतं. ते तिकडे पाहत होते. "तिले शिकवून राहिलो होतो. तठी समुद्रात मी कुठं जाऊ पाहाले? तिच्या हातानं निंगाली पाहिजे होती. म्हून तं थे भोकं बुजवली." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "अन् मले आठ दिवस भेटले ना गुरुजी. नाही तं घंट्याभराचं काम होतं."

खाली ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला. साडभाऊ उठले, धोतर झटकलं आणि पार उतरायला लागले. मी त्यांच्या मागे निघालो. ताईंना हे मी अजून सांगितलेलं नाही.